पाऊण मॅडमचा रेझ्युमे

चारुलता चिडते असं म्हणणं तितकंसं बरोबर नाही. चिडायला माणूस आधी शांत असावा लागतो. थेरगावात डांगे चौकाच्या मागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर राहणारी ही बाई सकाळी जी सुरू होते ती रात्री गॅस बंद केलाय ना, हे स्वतः बघून येईपर्यंत. लिफ्टचं दार कुणी अर्धवट का लावलं, पाहुण्यांनी चपला दारात तिरक्या का सोडल्या, नळाला टेप गुंडाळून गेलेला प्लंबर स्वतःला प्लंबर का म्हणवतो, या सगळ्याचा तिला मनापासून त्रास होतो. तिचा नवरा सलिल म्हणतो, हिला घर म्हणजे कारखानाच वाटतो. तो थट्टेत म्हणतो, पण त्यात खोटं काही नाही, कारण तिचं निम्मं आयुष्य कारखान्यातच गेलं.

चाकणला गाड्यांचे लोखंडी ब्रॅकेट बनवणारी एक कंपनी होती. डिप्लोमा झाल्या झाल्या चारुलता तिथे क्वालिटीत, म्हणजे पार्ट तपासायच्या खात्यात, लागली आणि तिथेच राहिली. त्या काळी क्वालिटीत बाई म्हणजे लोक कौतुकानं बघायला यायचे. मग त्यांचे पार्ट रिजेक्ट व्हायला लागले आणि कौतुक आटपलं.

तिथे तिच्याकडे एक खास काम होतं, आणि तिचं नाव त्यावरूनच पडलं. चाकणच्या कुठल्याही कंपनीत जा, लाइनच्या तोंडाशी एक बोर्ड दिसेल. डावीकडे माणसांची नावं, वरती कामांची, आणि प्रत्येक चौकोनात चार भाग केलेला एक गोल. माणूस काम शिकत असेल तर एक भाग काळा. कुणी शेजारी उभं असताना जमत असेल तर दोन. एकट्यानं जमत असेल तर तीन. आणि दुसऱ्याला शिकवता येत असेल तर चौथाही भाग भरायचा, म्हणजे अख्खा गोल काळा. याला स्किल मॅट्रिक्स म्हणतात. बहुतेक ठिकाणी ऑडिटच्या आदल्या दिवशी सुपरवायझर मार्कर घेऊन बसतो आणि चहा संपायच्या आत सगळ्या लाइनला हुशार करून टाकतो.

चारुलताचं तसं नव्हतं. ती माणसाच्या मागे जाऊन उभी राहायची, त्याच्या हातात जाडी मोजायचा मायक्रोमीटर द्यायची आणि तो आकडा कसा वाचतो हे बघायची. दोन भाग मिळवायलाच लोकांना घाम फुटायचा. तिसरा मिळाला की पोरं एकमेकांना टाळ्या द्यायची. चौथा मात्र ती कुणालाच देत नसे. हात नीट ठेवला नाही, गेज पुसलं नाही, उत्तर देताना छताकडे पाहिलं, काहीतरी निघायचंच. म्हणून सगळी लाइन तिला मागून पाऊण मॅडम म्हणायची. तिच्या कानावर ते आलं होतं. वरवर तिला राग आला, पण आतून बरंही वाटलं.

मग मालकांनी कारखाना उचलून दुसऱ्या राज्यात नेला. तिकडे जागा मोठी होती आणि सवलती बऱ्या होत्या. ज्यांना जमणार होतं ते गेले, बाकीच्यांना निरोप मिळाला. चारुलताला शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. घड्याळ पहिल्या दिवसापासून पुढे पळत होतं. क्वालिटीच्या माणसाला निरोपाला सदोष घड्याळ देतात, यावर ती आठवडाभर बोलत होती.

खरं दुखणं वेगळंच होतं. सकाळी डांगे चौकात कंपन्यांच्या बसेस लागतात. गळ्यात ओळखपत्र आणि पाठीवर सॅक घेतलेली माणसं पेंगत उभी असतात, त्यात तिच्या ओळखीचे चेहरे असायचे. "काय मॅडम, आज सुट्टी?" असं कुणीतरी विचारायचं. पुढे विचारणंही बंद झालं, आणि ते जास्त लागलं. मग बसेस गेल्यावरच ती दुधाला खाली उतरू लागली. बिल्डिंगमधल्या बायका म्हणायच्या, "किती राबलात हो, आता जरा निवांत व्हा." निवांत हा शब्द ऐकला की तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आपण पंचेचाळिशीतच संपलो असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलंय, आणि लवकर परत लाइनवर उभे राहिलो नाही तर एक दिवस आपल्यालाही ते पटेल, ही भीती तिच्या पोटात बसली होती. तिनं ती कुणाला सांगितली नाही. त्याऐवजी ती घरातल्या डब्यांवर लेबलं लावत सुटली.

रेझ्युमे नावाची गोष्ट तिनं जन्मात केली नव्हती. पहिली नोकरी कॉलेजच्या सरांनी चिठ्ठी देऊन लावली होती, दुसरीची वेळच आली नाही. पण काम कुठलंही असो, ते कसं करायचं हे तिला ठाऊक असतं. तिनं एक तक्ता आखला. डावीकडे येत असलेली कामं ओळीनं लिहिली आणि प्रत्येकासमोर एक गोल काढला. गोलात प्रामाणिकपणे तीन भाग काळे केले, सगळीकडे तीनच. स्वतःला चौथा द्यायचा म्हणजे काय! हा असला रेझ्युमे तिनं नोकरीच्या वेबसाइटवर चढवला आणि चाकण, भोसरी, तळेगाव, जिथे जिथे क्वालिटीची जागा दिसली तिथे तिथे पाठवला.

कुणाचाच फोन आला नाही. काही ठिकाणांहून तर अर्ज पाठवला की चहा गाळायच्या आत आभाराचं पत्र यायचं, आपला विचार होऊ शकत नाही म्हणून.

"इतक्यात वाचला पण?" ती सलिलला म्हणाली. "मी साधा वॉशर तपासायला याहून जास्त वेळ घ्यायचे."

सलिल हिंजवडीत कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. स्वभावानं गार. चिडक्या बायकोबरोबर इतकी वर्षं काढलेल्या माणसाला येतो तसला गारवा. त्यानं तिला शेजारी बसवून समजावलं. "चारू, आधी माणूस वाचतच नाही. कॉम्प्युटर वाचतो. जाहिरातीत जे शब्द आहेत ते तुझ्या कागदावर आहेत का, एवढंच बघतो. असले तर पुढे ढकलतो, नसले तर बाजूला. त्यांना कीवर्ड म्हणतात."

"म्हणजे मी काय केलंय ते बघत नाही?"

"ते नंतर."

"नंतर म्हणजे कधी? मी मेल्यावर?"

तिचा रेझ्युमे त्या मशीनला कसा दिसतो ते सलिलनं करून दाखवलं. तक्ता मोडून गेला होता, आणि तिनं जीव लावून भरलेल्या प्रत्येक गोलाच्या जागी एक प्रश्नचिन्ह आलं होतं. मायक्रोमीटर, प्रश्नचिन्ह. हाइट गेज, प्रश्नचिन्ह.

"त्याला वाटतंय तूच विचारतेयस, मायक्रोमीटर म्हणजे काय म्हणून," असं म्हणून सलिल हसला.

तो हसला हे फार वाईट झालं. त्या रात्री भाजीत मीठ नव्हतं आणि कुणी ते मागितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी चारुलतानं गोल काढून टाकले. ते तिला जड गेलं, पण पाठवलेलं दुसऱ्याला वाचताच येत नसेल तर ते चूकच, एवढं तिला मान्य होतं. मात्र जाहिरातीतले शब्द उचलून आपल्या कागदावर लावायला ती काही केल्या तयार होईना. "लोकांचे शब्द लावून मी काय वरातीत निघालेय?" तिनं विचारलं. सलिलनं मान डोलावली, "बरं, मी फक्त मांडणी नीट करतो," म्हणाला आणि लॅपटॉप घेऊन गॅलरीत गेला. परत आला तेव्हा कागद खरोखर स्वच्छ दिसत होता. तिनं ओळ अन् ओळ तपासली. आक्षेप घ्यायला काही सापडलं नाही, याचंच तिला नवल वाटलं.

तिनं तो पाठवला आणि चमत्कार झाला. लगेच फोन आला. चाकणच्याच एका कंपनीतून करिष्मा नावाची एचआरची मुलगी बोलत होती. म्हणाली, "मॅडम, तुमचं प्रोफाइल शंभर टक्के मॅच होतंय. असं आम्हाला कधी मिळत नाही."

शंभर टक्के ऐकूनच चारुलताला शंका यायला हवी होती. जन्मभर पाऊणच्या वर न गेलेली बाई ती. पण इतक्या महिन्यांनी कुणीतरी मॅडम म्हणून बोलावलं होतं, आणि ती भाळली. तिनं इस्त्रीची साडी नेसली, नाशिक फाट्याहून चाकणची बस धरली, मोशीच्या पुढे ट्रेलरांच्या रांगेत अडकली, ड्रायव्हरला मनातल्या मनात धारेवर धरलं आणि तरीही वेळेच्या आधी पोचली.

समोर करिष्मा आणि पिकल्या मिशीचे क्वालिटी हेड बसले होते. त्यांच्या हातात चारुलताचा रेझ्युमे होता, पण तो तिचा वाटत नव्हता. तिचा एका पानाचा होता, हा तीन पानांचा.

"मॅडम, फोर्कलिफ्टचं लायसन्स कधी काढलंत?" साहेबांनी विचारलं.

"कशाचं?"

"फोर्कलिफ्ट. लिहिलंय इथे. वेल्डिंग रोबोट प्रोग्रॅमिंग पण. जर्मन भाषा पण."

चारुलताला वाटलं कागद बदललेत. करिष्माची मान मात्र खाली गेली होती आणि ओठ दाबलेले होते. ती शेवटचं पान हळूच पुढे सरकवत म्हणाली, "मॅडम, इथे असंही आहे, की वय पस्तीसच्या आत. फक्त पुरुष उमेदवार. कँटीन आणि बसची सोय आहे. स्वतःची दुचाकी असल्यास प्राधान्य."

मग चारुलताच्या डोक्यात उजेड पडला. सलिलनं सापडतील तेवढ्या जाहिराती अख्ख्याच्या अख्ख्या उचलून तिच्या रेझ्युमेच्या तळाशी पांढऱ्या, मुंगीएवढ्या अक्षरांत चिकटवल्या होत्या. पांढऱ्या कागदावर पांढरी अक्षरं, माणसाला दिसणार नाहीत, पण मशीन वाचणार. या कंपनीचं मशीन मात्र जे वाचतं ते काळ्या अक्षरांत छापून साहेबांच्या हातात देत होतं.

"हे मी लिहिलेलं नाही," ती म्हणाली.

"मग कुणी?"

नवऱ्यानं, असं सांगायला तिची जीभ रेटेना. आपला कागद आपण पुरता न तपासता पाठवणारी क्वालिटीवाली! दुसरं कुणी असं केलं असतं तर तिनं त्याला लाइनवरून खाली उतरवलं असतं. ती उठली, "चूक माझीच आहे, तपासायला हवं होतं," म्हणाली आणि बाहेर पडली. मागून दबलेलं हसू आलं. कदाचित आलंही नसेल, पण तिला घरी पोचेपर्यंत ते ऐकू येत राहिलं.

घरी त्या संध्याकाळी जे झालं ते शेजारच्या फ्लॅटमध्येही नीट ऐकू गेलं. सलिलचं म्हणणं होतं की असं सगळेच करतात. चारुलताचं म्हणणं होतं की सगळ्यांनाच हाकलायला हवं.

"मदत केली मी!" सलिल पहिल्यांदा आवाज चढवून म्हणाला. "तू स्वतःला कधी काही देतेस का? सगळं येत असून पाऊण! मग मी भरलं उरलेलं."

"मला न विचारता माझा गोल भरायचा नाही, सलिल. फोर्कलिफ्टनं तर मुळीच नाही."

यावर दोघांनाही हसू आलं असतं, पण त्या दिवशी कुणी हसलं नाही. चारुलतानं वेबसाइटवरून आपलं नाव काढून टाकलं आणि जाहीर केलं की आता बास, मी लोणची घालते. बिल्डिंगमधल्या बायकांना फार आनंद झाला. तिनं लोणचं घातलंही. प्रत्येक फोड एकसारखी निघाली, आणि बरणीकडे बघून तिला रडू आलं.

अशात एका रविवारी दारात बुद्धभूषण उभा राहिला. हा तिच्या जुन्या लाइनवरचा ऑपरेटर. मूळचा परभणीकडचा, दापोडीत बिऱ्हाड, कामाला चोख आणि तोंडानं फटकळ. एका हातात हेल्मेट, दुसऱ्या हातात पेढ्यांचा पुडा. चपला त्यानं दाराशी सरळ जोडून ठेवल्या, हे तिनं पाहिलं.

"मॅडम, लाइन लीडर झालो," तो म्हणाला. "तळेगाव रोडला नवी कंपनी हाय. म्हटलं, पहिला पेढा तुमाला."

चारुलताला खरोखर बरं वाटलं. ते वाटणं चहा होईपर्यंत टिकलं. मग तिनं विचारलं की मिळाली कशी नोकरी, आणि त्यानं कौतुकानं मोबाइलवर आपला बायोडाटा दाखवला. दापोडीच्या एका झेरॉक्सच्या दुकानात करून घेतलेला. तिनं चष्मा लावला. मोजमाप, गेजची काळजी, पहिला पार्ट तपासणं, सगळी कामं ओळीनं लिहिलेली, आणि त्याखाली ठळक अक्षरांत होतं, की स्वतंत्रपणे करतो आणि नवीन कामगारांना ट्रेनिंग देतो.

"बुद्धभूषण," ती म्हणाली, आणि आवाज जुन्या लाइनवरचा झाला. "शिकवतो म्हणजे चौथा भाग. तो तुला कुणी दिला?"

"कुणीच न्हाई दिला. तुमी तर न्हाईच."

"मग हे खोटं आहे."

बुद्धभूषणनं चहाची कपबशी खाली ठेवली. "मॅडम, राग नका मानू. लाइनवर नवं पोरगं आलं की तुमी कुणाकडं धाडायच्या? बुद्धभूषणकडं जा, तो दाखवील, असं तुमीच म्हणायच्या ना? धा-बारा पोरं तयार केली मी. मग ते शिकवणं नव्हतं तर काय व्हतं? भजन?"

तो म्हणत होता ते शब्दन् शब्द खरं होतं. चारुलता पोरं त्याच्याकडेच पाठवत होती, आणि बोर्डावर त्याचा गोल वर्षानुवर्षं पाऊणच ठेवत होती. एखादं गेज नेहमी थोडं कमी दाखवायला लागलं की ते दर वेळी तेवढंच कमी दाखवतं, म्हणून कुणाला संशय येत नाही. असली गेजं तिनं किती पकडली होती. मोजणाऱ्या बाईला तपासायला मात्र कुणी आलं नव्हतं. तिला बुद्धभूषणचा राग आला होता तो जागच्या जागी वळला आणि तिच्यावरच आला. तिला लाज वाटली, अगदी कान गरम होईपर्यंत.

"तुझं बरोबर आहे," ती म्हणाली. "माझं चुकलं."

बुद्धभूषणला ठसका लागला. पाऊण मॅडमच्या तोंडून हे ऐकायची त्याची तयारी नव्हती. सावरल्यावर त्यानं खरं काम काढलं. "आमच्याकडं क्वालिटीला माणूस पायजे, मॅडम. त्याच्यासाठीच आलो. बगा तरी."

जाहिरात लहानशी होती. चारुलतानं ती आधी रागानं वाचली, मग सवयीनं, म्हणजे हातात पेन्सिल घेऊन. ट्रेनिंग हा शब्द त्यात तीनदा होता. लाइनवरच्या लोकांना ट्रेनिंग, नवीन कामगारांचं ट्रेनिंग, ट्रेनिंगच्या नोंदी. तिनं आपला जुना रेझ्युमे काढून पाहिला. तो शब्द त्यात एकदाही नव्हता.

नसायला कारण होतं. त्यांच्या कंपनीत ट्रेनिंग म्हणजे बाहेरून कुणीतरी टाय लावून यायचा, वरच्या हॉलमध्ये पडद्यावर चित्रं दाखवायचा, लोक वडा-सांबार खाऊन हजेरीवर सही करायचे, ते. मशीनपाशी उभं राहून, गोंगाटात, "अरे असा धरतात का मायक्रोमीटर, कोयता आहे का तो," असं ओरडत जे चालायचं त्याला कुणी नावच दिलं नव्हतं. ज्याला नाव नाही ते कागदावर कसं येणार? इतकी वर्षं रोज केलेलं सगळ्यात मोठं काम ती लिहायलाच विसरली होती. आणि ते कॉम्प्युटरला दिसलं नाही म्हणून ती कॉम्प्युटरवर चिडली होती.

बुद्धभूषण गेल्यावर ती जाहिरात घेऊन बसली. सलिल येऊन शेजारी उभा राहिला. तिनं प्रत्येक शब्दाखाली रेघ मारली आणि स्वतःला विचारलं, हे मी केलंय का? केलं असेल तर कुठे, कुणासमोर? काही शब्द सरळ तिचेच निघाले. बरेचसे असे निघाले की काम तिचं, पण नाव दुसरं. सकाळी खराब पार्ट टाकलेल्या लाल डब्याभोवती सगळ्यांना उभं करून ती जी खरडपट्टी काढायची, तिला त्यांच्याकडे लाल डबा म्हणायचे, आणि तिनं रेझ्युमेतही लाल डबा मीटिंग असंच लिहिलं होतं. बाहेरच्या माणसाला वाटलं असेल, ही पोस्टात होती. जाहिरातीत त्याला रिजेक्शन अ‍ॅनालिसिस म्हटलं होतं. तिनं तसं लिहिलं आणि पुढे एका ओळीत त्यानं काय फरक पडला तेही लिहिलं. शब्द त्यांचा असला तरी काम आपलंच आहे, हे एकदा पटल्यावर तिला ते वरातीत निघाल्यासारखं वाटलं नाही.

एक शब्द उरला. मोजमापाच्या नोंदी ठेवायचं एक नवं सॉफ्टवेअर होतं. ते तिनं पाहिलंही नव्हतं.

"लिहून टाक की," सलिल हळूच म्हणाला. "आठवड्यात शिकशील."

"शिकले की लिहीन."

"चारू, एका शब्दासाठी..."

तिनं नुसतं वर पाहिलं. सलिल चहा टाकायला गेला. त्या दिवशी तिनं सगळ्यात शेवटी काय केलं असेल, तर त्या कागदावरचा काळा-पांढरा सगळा मजकूर निवडून तळापर्यंत तपासला. मग पाठवला.

मुलाखतीला बोलावणं आलं. तिथले प्रमुख उंच, घाईतले गृहस्थ होते. त्यांनी कागदावर बोट ठेवून विचारलं, "सगळं आहे, हे सॉफ्टवेअर तेवढं दिसत नाही."

"मला येत नाही."

"बाकी सगळ्यांनी लिहिलंय."

"मग त्यांना उघडायला लावा," चारुलता म्हणाली, आणि लगेच जीभ चावली. झालं, गेली हीही. तेवढ्यात ते गृहस्थ कडवट तोंडानं म्हणाले, "लावलं. एकालाही उघडता आलं नाही." मग त्यांनी तिला ट्रेनिंगबद्दल विचारलं आणि ती बोलत सुटली. तिला थांबवायला त्यांना दोनदा घड्याळ बघावं लागलं.

नव्या नोकरीच्या पहिल्या दिवशी डांगे चौकात ती बसेस लागायच्या आधीच उभी होती. बस वेळेवर आली नाही म्हणून ती कुरकुरली, आणि कुरकुरताना तिला इतकं बरं वाटलं की तिनं तोंड फिरवून रुमाल काढला.

त्या कंपनीत एक पद्धत होती. नवीन माणूस ऑफिसातला असो की मशीनवरचा, आधी त्यानं लाइनवर उभं राहायचं आणि लाइन लीडरनं त्याचे गोल भरायचे. बोर्डावर सगळ्यात खाली चारुलताचं नाव होतं, आणि पुढे सगळे गोल कोरे. समोर मार्कर घेऊन बुद्धभूषण उभा होता. भोवती नवी पोरं जमली होती. त्यानं तिच्या हातात मायक्रोमीटर दिला आणि एक पार्ट दिला. ती कशी पुसते, कशी धरते, आकडा कसा वाचते हे मागे उभं राहून बघितलं. मग गंभीर चेहऱ्यानं बोर्डापाशी जाऊन मायक्रोमीटरच्या गोलाचा एक भाग भरला, दुसरा भरला, तिसरा भरला, आणि मार्करला टोपण लावलं.

चारुलताच्या कपाळाची शीर उडाली. "पुढे?"

"पुढं शिकवून दाखवावं लागतं, मॅडम. नियम हाय."

ती तरातरा वळली. समोरच्या पोरानं दुसरा मायक्रोमीटर मुठीत आवळून धरला होता. "अरे, असा धरतात का? कोयता आहे का तो? सोड. दोन बोटं इथे. अंगठा इथे. आता हळू फिरव. हळू म्हटलं की कळत नाही? आवाज आला ना? बास, तिथेच थांब. आता वाच. छताकडे नाही, इकडे बघून वाच."

पोरानं आकडा वाचला. बरोबर होता. तिनं दुसऱ्याला पुढे ओढलं, मग तिसऱ्याला. लाइनचा गोंगाट चालू होता आणि तिचा आवाज त्याच्याही वर चढला होता. पोरं घाबरली होती, पण सगळ्यांच्या अंगठ्यांनी आपापली जागा धरली होती.

ती दमून मागे वळली तेव्हा बुद्धभूषण बोर्डापासून बाजूला होत होता. तिच्या नावापुढचा तो गोल अख्खा काळा होता. आयुष्यात पहिल्यांदा. तिनं जवळ जाऊन तो पाहिला. डोळ्यांत पाणी आल्यामुळे तिला चष्मा काढून, पुसून, परत लावावा लागला.

"रेषेच्या बाहेर गेलाय," ती म्हणाली. "पूस, आणि नीट भर."